दोनशेचे पेट्रोल आणि बांगड्यांच्या पेट्या

एप्रिल २०२२ मधली गोष्ट. रमजानचा पहिलाच आठवडा होता. परभणीचे एक मणियार चाचा जिंतूरचा बाजार आटोपून मोटारसायकलवर परत निघाले होते. मागच्या सीटवर व दोन्ही बाजूंना बांगड्यांच्या पेट्या दोरीने आवळलेल्या. परभणी दहा-बारा किलोमीटर उरली असताना गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. रिझर्व्ह आधीच संपलेले होते. मराठवाड्यातील एप्रिलचे ऊन, तोंडात दिवसभराचा रोजा, आणि काचेचा माल असल्यामुळे गाडी आडवी करून हलवून पाहण्याचीही सोय नाही. चाचांनी गाडी ढकलत नेली. मगरिबची वेळ झाली तेव्हा ते रस्त्यातच होते. एका शेतकऱ्याच्या आखाड्यावर पाणी मागून त्यांनी रोजा सोडला व त्याच शेतकऱ्याने बाटलीतून काढून दिलेल्या पेट्रोलवर रात्री घर गाठले.

आम्ही भेटलो तेव्हा चाचा हे सारे हसत हसतच सांगत होते. पण एक वाक्य त्यांनी दोनदा म्हटले, "भाई, पेट्रोल तो दो सौ का ही डाला था, रोज का!"

आमच्या मते महागाईचे सारे दुखणे या एका वाक्यात आले आहे. आपल्यापैकी बहुतेक जण पंपावर लिटर मागतच नाहीत. "शंभरचे टाका", "दोनशेचे टाका" असेच म्हणतात. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, मुंबईत पेट्रोल लिटरला ७६ रुपये ३१ पैसे होते. ६ एप्रिल २०२२ रोजी ते १२० रुपये ५१ पैसे झाले. परभणीत भाव मुंबईपेक्षा चढाच असतो. टँकर लांब मनमाडच्या डेपोतून येतात, त्यांचे भाडे लिटरवर बसते, व म्हणूनच राज्यातील सर्वांत महाग पेट्रोलच्या बातम्यांत परभणीचे नाव वारंवार येते. मुंबईचाच भाव धरला तरी दोनशे रुपयांत पूर्वी अडीच लिटरहून अधिक पेट्रोल येत होते, ते पावणेदोन लिटरच्या आत आले. लादलेली गाडी लिटरला पंचेचाळीस किलोमीटर चालते असे धरा. पूर्वी दोनशे रुपयांत ११८ किलोमीटर जाता येत होते, नंतर ७५. जिंतूरला जाऊन-येऊन पंच्याऐंशीच्या आसपास होतात. चाचांची गाडी नेमकी कुठे बंद पडावी हे सरकारी दरपत्रकानेच ठरवून ठेवले होते म्हणायचे!

नोट तीच राहिली, म्हणून खर्च तोच आहे असे वाटत राहिले. वाढ कळली ती रस्त्यावर.

एका बांगडीत तीन वेळा इंधन

चाचा आठवड्याला पाच बाजार करतात. काही जवळचे, काही लांबचे, सरासरी जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. महिन्याला सुमारे सतराशे किलोमीटर झाले, त्याला ३८ लिटर पेट्रोल लागते. लिटरमागे ४४ रुपये वाढले म्हणजे महिन्याला जवळजवळ १,६८० रुपये जास्तीचे. हा आकडा मोठ्या दुकानदाराला किरकोळ वाटेल. पण चाचांच्या सांगण्याप्रमाणे साध्या काचेच्या बांगडीत डझनामागे जेमतेम दहा रुपये सुटतात. ती वाढ नुसती भरून काढायची तर महिन्याला १६८ डझन बांगड्या अधिक विकायला हव्यात, म्हणजे प्रत्येक बाजारात सुमारे आठ डझन. गिऱ्हाईक मात्र तेवढेच, किंबहुना कमीच, कारण जिंतूरच्या बाजारात येणाऱ्या बाईच्या घरीही तोच गॅस आणि तेच पेट्रोल आहे.

आणि हे झाले फक्त चाचांच्या मोटारसायकलचे. बांगडी येते उत्तर प्रदेशातील फिरोजाबादहून. तेथील काचेच्या भट्ट्या नैसर्गिक वायूवर चालतात. फिरोजाबाद ताजमहालाच्या संरक्षित पट्ट्यात येते, व १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या पट्ट्यात कोळसा बंद झाला. २०२१-२२ मध्ये जगभर वायू महागला, त्याची धग त्या भट्ट्यांनाही लागली. मग माल ट्रकमध्ये चढतो व हजारावर किलोमीटर डिझेलवर येतो. मुंबईच्या भावाने मे २०२० मध्ये डिझेल ६६ रुपये २१ पैसे होते, नोव्हेंबर २०२१ च्या आरंभी ते १०६ रुपये ६२ पैशांवर गेले. तेव्हा भट्टीत एकदा, ट्रकमध्ये दुसऱ्यांदा आणि चाचांच्या टाकीत तिसऱ्यांदा, अशी एकाच बांगडीत इंधनाची भाववाढ तीनदा बसली. पहिल्या दोन वाढी ठोक व्यापाऱ्याने भावात लावून दिल्या. तिसरी कोणाला लावायची? चाचांनी डझनामागे पाच रुपये वाढवून पाहिले. बायकांनी हात मागे घेतले.

बांगडी ऐवजी केळी म्हणा, सुती कापड म्हणा, अत्तराच्या बाटल्या म्हणा, हिशेब फारसा बदलत नाही. मालेगावचा कारखानदार सूत ट्रकने आणतो व कोरे कापड प्रक्रियेसाठी थेट राजस्थानात पाली-बालोतऱ्याला पाठवतो. त्याच्या मीटरमागील पैशांतही डिझेल आहेच. फरक इतकाच की त्याच्याकडे मुनीम आहे, चाचांकडे नाही.

लिटरमागे कोणाचे किती

पंपावर भाव वाढला की लोक पंपावरच्या पोऱ्यावर ओरडतात. आम्हीही ओरडलो आहोत, खोटे कशाला बोला. परंतु त्याच्या मालकाच्या हाती काय पडते ते एकदा पाहावे. फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीला दिल्लीत पेट्रोल ८६ रुपये ३० पैसे होते. त्यात तेलाची मूळ किंमत व वाहतूक मिळून २९ रुपये ७१ पैसे, केंद्राचे उत्पादन शुल्क ३२ रुपये ९८ पैसे, राज्याचा व्हॅट १९ रुपये ९२ पैसे आणि पंपवाल्याचे कमिशन ३ रुपये ६९ पैसे. म्हणजे मालापेक्षा कर जास्त. शंभर रुपयांतील एकसष्ट रुपये दोन सरकारांचे.

ही वेळ कशी आली? २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलच्या भावावरील सरकारी नियंत्रण उठले, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या. तेव्हा सांगितले गेले की जगात तेल महागले तर तुम्हाला महाग मिळेल, स्वस्त झाले तर स्वस्त. पहिले वचन पाळले गेले. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात जगात तेल घसरत होते, तेव्हा केंद्राने नऊ वेळा शुल्क वाढवून पेट्रोलवर ११ रुपये ७७ पैसे आणि डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे आपल्याकडे वळवले. २०२० साली टाळेबंदीत तर तेलाला गिऱ्हाईकच उरले नव्हते. मार्चमध्ये तीन रुपये व मे मध्ये पेट्रोलवर दहा, डिझेलवर तेरा रुपये असे शुल्क पुन्हा वाढले. त्या दिवशी पंपावरचा आकडा हलला नाही, म्हणून कोणी फारसे बोलले नाही. पण उतरलेल्या तेलाचा जो फायदा आपल्याला मिळायचा तो तिथेच थांबला, आणि पुढे तेल चढले तेव्हा चढलेला भाव मात्र पुरता आपल्या माथी आला.

राज्य सरकारांनीही हात आखडता घेतला नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर दोन रुपये लावले. २०१७ मध्ये महामार्गालगतची दारूची दुकाने न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली व महसूल बुडाला, तेव्हा ती तूट काढण्यासाठी पेट्रोलवर आणखी तीन रुपये आले. ज्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही त्यांनीही ती तूट भरली! शिवाय राज्याचा व्हॅट टक्केवारीने असतो. भाव वाढला की तो आपोआप वाढतो, कोणाला ठरावही करावा लागत नाही. राज्यांची बाजू अशी की केंद्राच्या शुल्कातील बहुतेक भाग अधिभार व उपकराच्या नावाने असतो, त्यात राज्यांना वाटा नाही. फेब्रुवारी २०२१ नंतर ३२ रुपये ९० पैशांपैकी वाटपात येणारे मूळ शुल्क अवघे १ रुपया ४० पैसे होते. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि दोघांच्या भांडणात चाचांची गाडी रस्त्यात उभी आहे.

निवडणुकीचा आणि भावाचा संबंध नाही असे सांगण्यात येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पेट्रोलवरील शुल्क पाच व डिझेलवरील दहा रुपयांनी कमी केले. त्यानंतर साडेचार महिने भाव गोठले. मध्यंतरी उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या. निकाल लागले आणि २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या सोळा दिवसांत चौदा वेळा मिळून दहा रुपये वाढले. वाचकांनी काय समजायचे ते समजावे.

पुढे मे २०२२ मध्ये केंद्राने आणि जुलैत राज्याने कर घटवले, मुंबईत पेट्रोल १०६ रुपये ३१ पैशांवर आले. मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, दोन रुपये कमी झाले. मधल्या जवळपास दोन वर्षांत जगात तेल बरेच उतरले होते. २०२२ साली कंपन्यांनी तोटा सोसला होता हे मान्य केले पाहिजे. पण २०२३-२४ या वर्षात तीन सरकारी तेल कंपन्यांचा मिळून नफा ८१ हजार कोटींच्या घरात गेला. एप्रिल २०२५ मध्ये तेल पुन्हा घसरले तेव्हा केंद्राने शुल्क दोन रुपयांनी वाढवले, पंपावरचा भाव तसाच ठेवून. २०२० चीच युक्ती. त्याच वर्षी पेट्रोलमध्ये इथेनॉलचे मिश्रण वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी, त्यामुळे गाडीचे ॲव्हरेज थोडे घटते हे सरकारनेही नाकारले नाही, पण त्याबद्दल लिटरमागे चार पैसे कमी झाल्याचे आम्ही ऐकले नाही.

नाराजी नवी नाही. १९७३ साली पेट्रोल महागले तेव्हा अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. विरोधात असताना बैलगाडी आणि सत्तेत असताना उपकर, हा या देशातील सर्वपक्षीय रिवाज आहे. असो.

भिशी मोडली

आता घरात येऊ. वाढलेले सोळाशे-सतराशे रुपये चाचांनी कोठून दिले? आम्हाला वाटले होते नफ्यातून. चाचींनी आमचा गैरसमज दूर केला. त्या शिकलेल्या नाहीत, पण घराचा हिशेब त्यांच्या बोटांवर असतो. आधी दूध लिटरचे अर्धा लिटर झाले. मग मटण आठवड्याऐवजी महिन्यातून दोनदा. गॅसचे तर वेगळेच. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईत ५९४ रुपयांना मिळणारे सिलिंडर मार्च २०२३ मध्ये ११०२ रुपये ५० पैशांवर गेले. खात्यात जमा होणारे अनुदान २०२० च्या मे पासून बहुतेकांना मिळेनासे झाले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये दोनशे व मार्च २०२४ मध्ये शंभर रुपये उतरले, पण एप्रिल २०२५ मध्ये पन्नास परत चढले. मधल्या काळात चाचींनी अंगणात तीन दगडांची चूल मांडली व अंघोळीचे पाणी लाकडावर तापवले. थोरली मुलगी अकरावीत होती, तिची शिकवणी थांबली. "अगले साल देखेंगे" असे सांगितले गेले. ते अगले साल आले नाही, मुलीने बारावी घरी अभ्यास करूनच दिली.

एवढ्यानेही भागेना तेव्हा भिशी मोडली. चाचा दर महिन्याला दोन हजारांची भिशी भरत. वर्षातून एकदा ती लागली की रमजानच्या आधी रोखीने माल उचलायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. रोखीचा माल स्वस्त पडतो व निवडूनही घेता येतो. भिशी सुटली आणि २०२२ च्या रमजानला चाचांनी पहिल्यांदा उधारीवर माल घेतला. उधारीचा भाव चढा असतो, वर ठोक व्यापारी जो देईल तो माल घ्यावा लागतो. त्यात जुन्या नक्षीच्या बांगड्या आल्या, त्या ईदनंतरही पेटीतच राहिल्या.

आमच्या व्यापारी बंधूंनी नेमकी हीच गोष्ट ध्यानात घ्यावी म्हणून आम्ही हे सारे लिहीत आहोत. पेट्रोलची वाढ लहान माणसाच्या नफ्यातून जात नाही, कारण त्याचा नफा म्हणजेच त्याचा घरखर्च. घरखर्च एका मर्यादेपलीकडे कापता येत नाही. मग ती वाढ गुपचूप भांडवलात शिरते. रोज साठ-सत्तर रुपये जातात ते कोणाला दिसत नाहीत. वर्षाअखेरीस पेटीत वीस हजारांचा माल कमी असतो आणि माणूस म्हणतो, धंद्यात बरकत राहिली नाही.

माल टेम्पोत, माणसे एस.टी.त

उपाय काय? मोठा उपाय दिल्लीत आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, परंतु पेट्रोल, डिझेल व नैसर्गिक वायू त्याबाहेर ठेवले गेले. परिणाम असा की नोंदणी असलेला कारखानदार यंत्रावरचा, सुतावरचा कर वजा करून घेतो, डिझेलवरचा व भट्टीच्या वायूवरचा मात्र वजा होत नाही. तो मालाच्या किमतीत मुरतो व साखळीच्या शेवटच्या टोकाला जिंतूरच्या बाजारात निघतो. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत जीएसटी परिषदेपुढे हा विषय आला होता, तेव्हा वेळ आलेली नाही असे ठरले. राज्यांना उत्पन्न बुडण्याची भीती आहे व ती अगदीच खोटी नाही. चाचांसारख्या नोंदणी नसलेल्या फेरीवाल्याला त्यातून थेट वजावट मिळणार नाही, हेही सांगितले पाहिजे. पण फिरोजाबादची भट्टी व मधला ट्रक यांचा बोजा हलका झाला तर बांगडी त्याला स्वस्त पडेल. व्यापारी संघटनांनी पंपावरच्या घोषणांपेक्षा या मागणीवर जोर द्यावा असे आम्हाला वाटते.

लहान उपाय आपल्या हातात आहे. आम्ही चाचांना एक शंभर पानी वही दिली. प्रत्येक बाजाराचे एक पान. विक्री, माल किती रुपयांचा गेला, बाजाराची पावती, चहा-नाष्टा, आणि पेट्रोल लिटरमध्ये. दोन महिन्यांत कळले की लांबच्या दोन बाजारांपैकी एक बाजार पेट्रोल वजा जाता साठ-सत्तर रुपयेच देत होता. इतकी वर्षे चाचा तेथे निव्वळ सवयीने जात होते. तो सुटला. जिंतूर मात्र सुटण्यासारखे नव्हते, तिथे तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक आहे, मुलीचे लग्न ठरले की बायका चाचांच्या पालावर चौकशीला येतात.

तेव्हा दुसरी सोय निघाली. परभणीचे एक बागवान अर्धापूरची केळी व जालन्याची मोसंबी घेऊन स्वतःच्या छोट्या टेम्पोने त्याच बाजाराला जात. टेम्पोत जागा शिल्लक असे, डिझेल मात्र पुरते जळे. चाचा, एक कापडवाले, एक अत्तरवाले व एक चप्पलवाले अशा चौघांनी त्यांच्याशी बोलणी केली. प्रत्येकी शंभर रुपये द्यायचे व माल त्यांच्या गाडीत टाकायचा. चाचांचे पेट्रोल त्या वेळच्या भावाने सव्वादोनशेच्या आसपास होत होते. बागवानांचेही डिझेल बरेचसे निघाले. सुरुवातीला माणसेही मालाबरोबर मागे बसून जात, ते आम्ही थांबवायला सांगितले. मालवाहू गाडीत असे बसणे कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

माणसे एस.टी.ने जातात. २०२१ च्या ऑक्टोबरात डिझेलचे कारण देऊन एस.टी.ने भाडे १७.१७ टक्के वाढवले होते व पाठोपाठ कर्मचाऱ्यांचा संप झाला, तो २०२२ च्या एप्रिलमध्ये मिटला. चाचा ज्या दिवशी रस्त्यात अडकले त्या दिवशी भरवसा ठेवावा अशी बस नव्हतीच. जानेवारी २०२५ मध्ये भाडे आणखी १४.९५ टक्के वाढले. तरीही बस आणि टेम्पो मिळून मोटारसायकलपेक्षा खर्च कमीच पडतो, असे चाचांची वही सांगते.

मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून रमजानच्या बाजारांना चाचीही येऊ लागल्या. बांगड्या भरायला बाई बसली की बायका पालावर जास्त वेळ थांबतात, दोन डझनांऐवजी तीन घेतात. मागच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा चाची एका नव्या सुनेच्या हातात हिरवा चुडा भरत होत्या आणि चाचा शेजारी बसून वहीत लिहीत होते. जुन्या नक्षीच्या बांगड्यांची पेटी समोरच उघडी होती. चाचींनी तिला निम्मा भाव लावला होता, आणि ती अर्धी रिकामी झाली होती.